कोरी नळी

काच धुण्याचा आवाज थांबला होता. तो नेमका कधी थांबला हे भास्करला सांगता आले नसते. नव्या वहीतल्या रेघेवरून त्याने मान वर केली तेव्हा ती शांतता खोलीत आधीच येऊन बसली होती, न विचारता आत आलेल्या आणि आता उठायला तयार नसलेल्या माणसासारखी. उमाशंकर कोनाड्यापाशी पाठमोरा उभा होता. प्रयोगशाळेतला हा म्हातारा नोकर नळ्या धुताना अखंड काहीतरी पुटपुटत असे, कधी महादेवाची नावे, कधी घरच्या गाईला द्यायच्या शिव्या. त्या पुटपुटण्याची भास्करला इतकी सवय झाली होती की ते नसणे त्याला कानात पाणी गेल्यासारखे वाटले. मग उमाशंकर वळला. त्याच्या हातात एक नळी होती. नळीच्या तोंडाशी कापसाच्या बोळ्याने दाबलेली कागदाची पट्टी होती, आणि ती पट्टी निळी होती.

"भिया," तो म्हणाला, "या तो कोरी थी."

 शुक्रवारची, धनत्रयोदशीची दुपार होती; बाहेर देवासच्या बाजारातून पणत्या विकणाऱ्या बाईची हाक येत होती आणि विरत होती. भास्करने हात पुढे केला आणि नळी घेतली. आतला, जंतूंना पोसायला घालायचा रस पाण्यासारखा स्वच्छ होता. त्यात काहीच वाढलेले नव्हते, कारण त्यात काही घातलेच नव्हते. ज्या नळीत जंतू नाही ती नळी निळी होऊ शकत नव्हती. ती निळी झाली होती. 

मुंबईत प्लेग येऊन सात वर्षे झाली होती. त्यांतली दोन भास्कर कारखानीसने तिथल्या एका प्रयोगशाळेत जंतू वाढवण्याचे काम शिकण्यात घालवली होती. प्लेगने मेलेल्या उंदरांच्या प्लीहेतून निघणारा जंतू आणि दुसऱ्याच एका, उंदरांपुरत्या रोगाने मेलेल्या उंदरांतला जंतू, हे दोघे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येत नसत. दोघेही आखूड, दोन्ही टोकांना रंग धरणारे, मध्ये फिकट. दोन्हीकडे गाठ मारलेल्या दोऱ्याच्या तुकड्यासारखे. एक गावे रिकामी करी, दुसरा माणसाच्या वाटेला सहसा जात नसे. एका कंटाळवाण्या आठवड्यात, कुणी न सांगता, भास्करने दोघांनाही युरिया खायला घातला होता. युरिया म्हणजे मूत्रातून काढलेले निरुपद्रवी पांढरे खडे. पण जो जंतू ते फोडू शकतो तो त्यांतून अमोनिया सोडतो, आणि नळीच्या तोंडाशी टांगलेली लिटमसची ओली तांबडी पट्टी निळी होते. उंदरांपुरता जो जंतू होता त्याने दिवसा-दीड दिवसात पट्टी निळी केली. प्लेगच्या जंतूने युरियाला हात लावला नाही; त्याची पट्टी दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशीही तांबडीच राहिली. निळे म्हणजे घरी राहा. तांबडे म्हणजे घर सोडा. इतक्या सोप्या भाषेत मृत्यू आपल्याशी बोलेल असे भास्करला कधी वाटले नव्हते, आणि त्या सोपेपणाचा त्याला जो आनंद झाला तो त्याने कुणालाही सांगितला नव्हता. तो फक्त एका वहीत उतरवून ठेवला होता.

पंधरा दिवसांपूर्वी धारच्या एका पेठेत उंदीर पडले. लोकांनी रीतीप्रमाणे घरांना कुलपे घातली, बिछाने आणि भांडी डोक्यावर घेतली, आणि तळ्यापलीकडच्या माळावर झोपड्या बांधून राहिले. तिथल्या डॉक्टरांनी मेलेल्या उंदरांच्या प्लीहेचे तुकडे बाटलीत घालून भास्करकडे पाठवले, कारण आसपास जंतू वाढवण्याची सोय इथेच होती. त्याच टपालात अक्काचे पत्र होते. अक्का, त्याची थोरली बहीण, त्याच पेठेत राहत होती. मेव्हणे यशवंतराव तिथल्या दरबारच्या नोकरीत होते. तिने लिहिले होते: विद्युल्लता पहिल्या दिवाळीला माहेरी आली आहे, जावई यायचे आहेत, झोपडीत दिवाळसण कसा करू, तूच काय ते कळव. चार नळ्या निळ्या झाल्या. भास्करने धारला तार केली, प्लेग नाही. आणि अक्काला वेगळे पत्र टाकले, घरी जा, दिवाळसण घरातच कर. ते पत्र लिहिताना लेखणी त्याच्या बोटांत किती हलकी झाली होती ते त्याला आता आठवले.

"ही तू कुठं ठेवली होतीस?" त्याने विचारले.

"अठे ई. कोनाड्यात. कोरी नळी हूं बिमारीवाली के पास कदी नी रखूं, आपको मालूम हे."

ते खरे होते. प्रत्येक वेळी चार नळ्यांत जंतू घालायचा आणि पाचवी कोरी ठेवायची, असा भास्करचाच नियम होता. आणि ती पाचवी नळी देवाच्या पाण्यासारखी सोवळ्यात, इतरांचा वारा लागणार नाही अशी वेगळी ठेवायची, हा उमाशंकरचा. उन्हाळाभर ती कोरी नळी तांबडी राहिली. पावसाळाभर राहिली. दर वेळी उठून, खोली ओलांडून, कोनाड्यात वाकून तोच तांबडा रंग पाहायचा, याचा भास्करला हळूहळू विसर पडला. विसर म्हणणे तितके खरे नव्हे, त्याला ते आता अपमानास्पद वाटू लागले होते, विश्वासातल्या माणसाची रोज झडती घ्यावी तसे. या खेपेला त्याने चार नळ्या पाहिल्या, आणि पाचवी पाहिली असे वहीत लिहिले.

"पण ही निळी झालीच कशी?" तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याची नजर कोनाड्यावरच्या बुजवलेल्या खिडकीकडे गेली.

"घोड़ा हे नी, भिया."

"कसले घोडे?"

उमाशंकरने हनुवटीने भिंत दाखवली. "दसरा की सवारी का. बीस-बाईस हे. दसरा के बाद अठे ई बंध्या हे. रोज बास आवे."

"मग बोलला का नाहीस?"

म्हातारा खरोखर चकित झाला. "आपको नी आवे कई?"

देवासात दोन राज्ये होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि ती नदीने किंवा डोंगराने नव्हे तर गल्ल्यांनी, कधी कधी एकाच इमारतीतल्या भिंतीने वेगळी झालेली होती. ही प्रयोगशाळा एका जुन्या पागेच्या अर्ध्या भागात होती. उरलेला अर्धा भाग दुसऱ्या पातीचा. भास्करने त्या बाजूला कधी पाऊल टाकले नव्हते. भिंतीपलीकडे काय आहे याचा विचार करणे त्याला परक्याच्या घरात डोकावण्याइतके अनावश्यक वाटत आले होते. त्याच्या मनातल्या नकाशावर तिथे काहीच नव्हते, कागदाची कोरी जागा होती. आणि त्या कोऱ्या जागेत जवळजवळ तीन आठवडे वीस-बावीस घोडे उभे होते, रात्रंदिवस मुतत होते, आणि बुजवलेल्या खिडकीच्या फटींतून त्यांचा अमोनिया या खोलीत येऊन एकेक पट्टी शांतपणे निळी करत होता. त्याने दीर्घ श्वास घेतला. जंतुनाशक कार्बोलिकचा वास आला. दुसरा कसलाही नाही. आपले नाक आपल्याला न सांगता केव्हाच थांबले आहे, याची त्याला घोड्यांपेक्षा जास्त भीती वाटली.

"तार दइ दो, भिया," उमाशंकर म्हणाला.

"काय देऊ तारेत?"

"के गलती हुई. के घर छोड़ो."

"चूक झाली हे खरं. पण प्लेग आहे असं कुठं ठरलंय? या नळीवरून काहीच ठरत नाही, उमाशंकर. आहे असंही नाही, नाही असंही नाही. सणाच्या दिवशी माणसं बाहेर काढायची, आणि उद्या पुन्हा म्हणायचं, काही नव्हतं, परत या?"

"तो केई देनो. हंसेगा लोग. हंसने दो नी."

भास्कर हसला नाही. दहा दिवसांपूर्वी मानसिंगराव, ज्यांच्या हाताखाली ही प्रयोगशाळा होती, दारातच उभे राहून गडगडाटी हसले होते: "कारखानीस, तुमच्या मुतऱ्या जंतूंनी धार वाचवली हो!" आणि मग गंभीर होऊन, खांद्यावर हात ठेवून, ती वही मुंबईला छापायला पाठवू, तुमच्या नावाने पाठवू, असे म्हणाले होते. वही गेली होती. या क्षणी ती कुणाच्या तरी टेबलावर उघडी असेल. भास्करला त्या उघड्या पानांची लाज वाटली, आणि लाजेच्या खाली, तिच्याहून लहान आणि तिच्याहून चिवट, एक आशा हलली: पट्टी कदाचित तरीही निळी होईल. घोड्यांनी निळी केली म्हणून जंतूने केली नाही असे थोडेच ठरते? दोघांनीही केली असेल. स्वच्छ हवेत पुन्हा करून पाहायचे. दीड दिवस, फार तर दोन. ज्ञानाच्या बाबतीत घाई करू नये, हे त्याला शिकवले गेले होते, आणि आपल्याला जे शिकवले गेले आहे तेच या क्षणी आपल्या सोयीचे आहे, हे त्याने पाहिले आणि पाहिले नाही असे केले.

त्याने दोन नव्या नळ्या भरल्या. एकीत धारच्या उंदराचा जंतू घातला, दुसरी कोरी ठेवली, दोन्हींना नव्या तांबड्या पट्ट्या लावल्या, आणि त्या कापसात गुंडाळून पत्र्याच्या डबीत, डबी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.  उमाशंकर पुन्हा काच धुऊ लागला, पण पुटपुटला नाही.

भास्करची खोली टेकडीच्या पायथ्याशी होती. तिथवर जायला बाजारातून जावे लागे. रस्ता माणसांनी फुलला होता. देवीच्या दर्शनाला चढणाऱ्या बाया, साखरेचे हत्ती, झेंडूचे ढीग, कुणाच्या तरी कडेवरून त्याच्या कोटाला लागलेला एक चिकट हात. तो छातीशी हात धरून चालत होता. हृदयाचे ठोके डबीच्या पत्र्यावर पडत होते आणि पत्रा ते त्याला परत देत होता, त्यामुळे आत दुसरे कुणीतरी आहे असा भास होत होता. त्याच्या अंगच्या उबेत तो जंतू वाढत असणार. आपण त्याला उबवतो आहोत, हे वाक्य मनात आले आणि मग टेकडीपर्यंत त्याच्या पावलांना लागून चालत राहिले. एका ओळखीच्या दुकानदाराने हाक मारली, "कई भिया, धारवाळा को बचइ लियो आपने!" भास्करने हात वर केला. हात वर करण्याचे हे कृत्य त्या दोन दिवसांत त्याला पुनःपुन्हा दिसत राहिले.

खोलीत त्याने नळ्या खिडकीच्या फळीवर लोकरीत ठेवल्या आणि समोर बसला. वाट पाहण्याला इतके अंग असते हे त्याला माहीत नव्हते. तिला गुडघे होते, मानेचा मणका होता, जिभेवर गंजाची चव होती. शनिवारी सकाळी पट्ट्या तांबड्या होत्या. एवढ्यात काही होत नाही, तो म्हणाला. दुपारी तांबड्या होत्या. उन्हाचा तुकडा फळीवरून सरकत पट्ट्यांवर आला तेव्हा एकीची कड किंचित जांभळी दिसली, आणि तो खुर्ची पाडून उठला. ती सावली होती. त्याला धरमपुरी आठवली. नर्मदेच्या काठची खोली, आई गेल्यानंतरचे वर्ष, त्याला अंगाखांद्यावर वाढवणारी सतरा वर्षांची अक्का हळदीत चुना कालवते आहे आणि पिवळ्याचे एकाएकी लालभडक कुंकू होते आहे. "कुठून आला लाल?" त्याने विचारले होते. "आतच होता," अक्का म्हणाली होती, "फक्त बोलायला लावावं लागतं." जगात एका पदार्थाला दुसरा पदार्थ बोलायला लावतो, आणि तो रंगात बोलतो, ही गोष्ट त्याला तिने शिकवली होती, मुंबईने नव्हे. घाटावरून होडी सुटत होती, नावाडी पलीकडच्यांना ओरडून काही विचारत होता, आणि अक्काचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. तो आठवणीतला लाल आणि समोरच्या पट्टीचा तांबडा यांत त्याने फरक शोधायचा प्रयत्न केला. मग डोळे मिटले. मिटल्या पापण्यांच्या आतही तोच रंग होता.

शनिवारी संध्याकाळी उमाशंकर आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"कई बोले कागद?"

"अजून काही नाही."

"लाल हे?"

"वेळ आहे अजून."

"भिया," उमाशंकर म्हणाला, "उनके घर में दिवा लाग रिया होयगा अबी." आणि निघून गेला.

तो गेल्यावर भास्करने तारेचा मजकूर लिहून काढला. तो त्याने तीनदा लिहिला. पहिल्यात चूक असा शब्द होता, दुसऱ्यात संशय, तिसऱ्यात फक्त काळजी घ्यावी. तिन्ही कागद त्याने घडी करून खिशात ठेवले आणि खिडकीसमोर परत येऊन बसला. त्याला अशी एक विचित्र खात्री वाटत होती की जोवर पट्टी बोललेली नाही तोवर धारला काहीच घडू शकत नाही. तिथले सगळे, अक्का, विद्युल्लता, नवा जावई, पाटावरच्या रांगोळ्या, त्याच्या निर्णयाच्या अलीकडे श्वास रोखून उभे आहेत. ही खात्री खोटी आहे हे त्याला कळत होते. तिच्यात बसायला मात्र जागा होती.

रविवारी सकाळी दोन्ही पट्ट्या तांबड्या होत्या. कोरी कोरी असल्यामुळे तांबडी. आणि दुसरी, जिच्या रसात ढगासारखी वाढ तळाशी साचली होती, जिवंत, भरपूर, युरियाला स्पर्शही न केलेली, तीही तांबडी. त्याने ती उजेडात धरली, सावलीत धरली. मग तारघराच्या बाबूला घरून बोलावून आणले आणि तार केली: प्लेग आहे, घरे ताबडतोब सोडा. बाबूने अक्षरे वाचली आणि त्याच्याकडे पाहिले. परत येताना तो प्रयोगशाळेत शिरला, आणि दारातच वास त्याच्यावर आला, उग्र, डोळ्यांत पाणी आणणारा, इतका उघड की त्याला भिंतीला हात टेकवून उभे राहावे लागले. दोन दिवस स्वच्छ हवेत काढल्यावर नाक परत आले होते.

सोमवारी तो टांग्याने इंदूरला गेला, आणि मंगळवारी दुपारी धारला पोचला. आज भाऊबीज आहे हे त्याला टांगेवाल्याने सांगितले, घोडा बदलताना, सहज. तळ्यापलीकडचा माळ पुन्हा भरला होता. पंधरवड्यापूर्वीच्या झोपड्यांचे बांबू लोकांनी मोडून नेले होते, त्यामुळे या खेपेला बऱ्याच झोपड्या म्हणजे नुसती धोतरे आणि लुगडी होती, चार काठ्यांवर ताणलेली. कुणी मोठ्याने बोलत नव्हते. त्याला ओळखणारे एकदोघे होते. ते त्याच्याकडे पाहत राहिले, शिव्या न देता, आणि ते पाहणे त्याच्या पाठीवरून बराच वेळ गेले नाही.

अक्का झोपडीबाहेर तांब्यात पाणी ओतत होती. बाग गावच्या छाप्याचे एक पांघरूण दारावर टांगले होते, आणि पांघरुणामागून श्वास ऐकू येत होता, जलद, उथळ, पायऱ्या चढणाऱ्या माणसासारखा. यशवंतराव डॉक्टरांना आणायला गेले होते. जावयाला त्याच्या गावी परत पाठवले होते.

"विद्युल्लता?" भास्कर म्हणाला.

"शनिवारी दिवे लावताना अंग तापलं तिचं. काखेत गाठ आहे." अक्काचा आवाज सरळ होता, धुतलेल्या भांड्यासारखा, ज्यात काही उरलेले नाही. "मला वाटलं दगदगीनं. तुझं पत्र होतं ना घरात. देवाजवळ ठेवलं होतं मी."

"अक्का, ती तार चुकली. पहिली. माझी चूक झाली."

"ते कळलं." तिने तांब्या खाली ठेवला. "तुला कधी कळलं?"

टांग्यात बसल्यापासून तो या प्रश्नाकडे येत होता. त्याने खोटे तयार केले होते, दोन प्रकारचे. तिच्या हातांकडे पाहिल्यावर दोन्ही नाहीसे झाले.

"शुक्रवारी."

"तार रविवारी आली."

"हो."

"दोन दिवस काय करत होतास रे?"

"खात्री करत होतो." मग त्याला ती एकच गोष्ट सापडली जी खरी होती, आणि तिला त्याने दोन्ही हातांनी धरले. तो भराभर बोलू लागला. "हे बघ, विष अंगात गेल्यावर ताप यायला तीन दिवस लागतात. चार, पाच, कधी सहा. शनिवारी ताप आला ना? मग ते बुधवारी गेलं असणार, नाहीतर मंगळवारी. शुक्रवारी मला कळलं तेव्हा ते तिच्या अंगात होतंच, अक्का. त्याच क्षणी तार केली असती तरी तिच्यापुरतं काही बदललं नसतं. त्या दोन दिवसांनी तिला काही झालेलं नाही. हे मी बरं वाटावं म्हणून सांगत नाही, हे शास्त्र आहे, हे तुला कुणीही सांगेल." बोलता बोलता त्याला ऐकू आले की बुधवारी, मंगळवारी, ती ज्या घरात होती त्या घरात तिला आपण पाठवले होते, आणि शेजारच्या झोपडीतून कुणीतरी खोकत होते, ज्याच्या अंगात ते कदाचित त्या दोन दिवसांतच गेले असेल. तरी तो थांबू शकला नाही. "दोन दिवसांचा दोष नाही त्यात. अक्का? कळतंय ना तुला मी काय म्हणतो ते?"

अक्काने तांब्या उचलला, पांघरूण बाजूला सारले आणि आत निघून गेली.